बांधावरची झाडं : लोणखेड्यात बसून वाचलेली ओडिसी

(हा एपिसोडचा लेखी मजकूर आहे. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधला ट्रॅक्टरचा आवाज आणि माझं खोकणं काढून टाकलंय.)

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज मी तुम्हाला एका पुस्तकाबद्दल सांगणार आहे. आता तुम्ही म्हणाल, हा बीटेकवाला, ह्याचा साहित्याशी संबंध काय? बरोबर आहे. माझा संबंध बारावीच्या मराठीच्या पेपरात संपला होता. तरी ऐका, कारण हे पुस्तक मी हौसेने वाचलेलं नाही. माझ्याकडे दुसरं काही करायलाच नव्हतं म्हणून वाचलंय.

पुस्तक म्हणजे होमरची ओडिसी. साधारण पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक महाकाव्य. चोवीस सर्ग, बारा हजारांहून जास्त ओळी. डिसेंबर २०२४ मध्ये ख्रिस्तोफर नोलन ह्याच्यावर सिनेमा करणार हे जाहीर झालं, तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दोन दिवस तीच चर्चा. 'एकडोळ्या राक्षस कसा दाखवणार', 'लाकडी घोडा असणार का' वगैरे. मीही दोन मीम टाकले आणि विसरलो.

मार्चमध्ये माझी नोकरी गेली.

कंपनीचं नाव सांगत नाही, काही उपयोग नाही. पंधरा मिनिटांची मीटिंग, कॅमेरा बंद, संध्याकाळी सहापर्यंत लॅपटॉप जमा. मी लॉगिनच्या टीममध्ये होतो. म्हणजे तुम्ही ॲप उघडता, नंबर टाकता, ओटीपी येतो, ते सगळं. समोरचा माणूस खरंच तोच आहे का, हे तपासणं एवढंच आमचं काम. त्या दिवशी सहा वाजून पाच मिनिटांनी माझाच लॉगिन चालेना. हसू आलं खरं तर.

मी घरी सांगितलं नाही. पुण्यात महिनाभर काढला, डिपॉझिट संपायच्या आत रूम सोडली आणि आप्पांना फोन केला, 'वर्क फ्रॉम होम दिलंय, काही महिने घरून काम करतो.' आप्पा म्हणाले, 'ये.'

रात्रीची ट्रॅव्हल्स. नाशिक, मालेगाव, धुळे, दोंडाईचा, मग सारंगखेड्याला तापी ओलांडली की पहाटे शहादा. शहाद्यातून गोमाईचा पूल ओलांडला की आमचं लोणखेडा. त्या बसमध्ये मी ओडिसी उघडली. फोनवर, सॅम्युअल बटलरचं १९०० सालचं इंग्रजी गद्य भाषांतर, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. फुकट हेच कारण.

आणि खरं सांगू? मालेगावच्या आत कंटाळा आला.

कारण मला राक्षस हवा होता आणि राक्षस येईचना. पहिले चार सर्ग तर ओडिसियस नावाचा नायकच नाही! त्याचा मुलगा टेलेमाकस आहे. बाप ट्रॉयच्या लढाईला गेला, दहा वर्षं लढाई, आणखी दहा वर्षं झाली तरी घरी आला नाही. घरात १०८ मागणीवाले येऊन बसलेत. ते रोज त्याच्याच गोठ्यातली जनावरं कापून खातात आणि त्याच्या बायकोला, पेनेलोपीला म्हणतात, आमच्यापैकी कुणाशी तरी लग्न कर. मुलगा वीस वर्षांचा, त्याला धड काही जमत नाही. बस. चार सर्ग हेच.

वरून सारखं तेच तेच. पहाट झाली की पहाटेला तेच विशेषण. कुणी बोलायला उठलं की तीच ओळ. जेवायला बसले की हात धुण्यापासून तेच वर्णन, जसंच्या तसं. मी इंजिनिअर माणूस, माझ्या डोक्यात पहिलं आलं, की अरे, हे कॉपी-पेस्ट आहे. ह्याचं फंक्शन का नाही केलं?

हे कोडं नंतर सुटलं, आणि सुटल्यावर मजा आली. मिलमन पॅरी नावाचा एक अमेरिकन अभ्यासक होता. त्याने म्हटलं, ह्या पुनरावृत्तीला चूक समजू नका, तीच काव्याची यंत्रणा आहे. गाणारा माणूस लिहीत नाही, लोकांसमोर उभ्या उभ्या रचत जातो. मग त्याच्याकडे मापात बसणारे तयार तुकडे लागतात. एक तुकडा तोंडाने चालू असतो तोवर डोकं पुढच्याचा विचार करतं. हे सिद्ध करायला पॅरी १९३३ ते १९३५ मध्ये युगोस्लाव्हियात गेला, गावोगावच्या गायकांची रेकॉर्डिंग केली. तिथे अवदो मेजेदोविच नावाचा एक गायक भेटला. लिहिता-वाचता न येणारा माणूस, आणि त्याने १९३५ मध्ये बारा हजारांवर ओळींचं एक गाणं सांगितलं. म्हणजे जवळजवळ ओडिसीएवढं! पॅरी त्याच वर्षी वारला, तेहतिसाव्या वर्षी. पुढचं काम त्याच्या मदतनिसाने, आल्बर्ट लॉर्डने केलं.

आता ह्यात आपल्याला, म्हणजे खान्देशातल्या माणसाला, आश्चर्य वाटायचं कारण नाही. बहिणाबाई चौधरी आपल्याच ना. जळगावजवळच्या असोद्याच्या. अक्षरओळख नव्हती. दळताना, शेतात काम करताना गाणी रचायच्या. मुलाने, सोपानदेवांनी, ती उतरवून ठेवली नसती तर १९५१ साली त्यांच्याबरोबरच गेली असती. १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने, पुस्तक आलं. आणि जात्यावरच्या ओव्या बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ ह्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, आज त्या 'पारी'च्या साइटवर ऐकता येतात. त्यातही तेच तुकडे फिरून फिरून येतात. भाऊ, माहेर, विठ्ठल. माझी आजी जात्यावर गायची तेव्हा मी कधी म्हटलं नाही, की आजी, हे कालचंच आहे.

तर तिथून पुढे मी ओडिसी वाचायची पद्धत बदलली. डोळ्यांनी वाचणं सोडलं, इअरफोन घालून मोठ्याने वाचल्यासारखी ऐकली. भाषांतरही बदललं. एमिली विल्सनचं २०१७चं घेतलं. पूर्ण ओडिसी इंग्रजीत आणून प्रसिद्ध करणारी ती पहिली बाई. तिने एक गंमत केलीय, मूळ ग्रीकमध्ये जितक्या ओळी तितक्याच इंग्रजीत ठेवल्यात, त्यामुळे ते पळतं. तुम्हाला वाचायचं असेल तर हेच घ्या. बटलर काही वाईट नाही, पण रात्रीच्या बसमध्ये नको.

आता राक्षसाबद्दल. एकडोळ्या राक्षस, माणसांची डुकरं करणारी चेटकीण, गाणाऱ्या सायरन, हे सगळं नवव्या ते बाराव्या सर्गात आहे. चोवीसपैकी चार. आणि हे कवी सांगत नाही, ओडिसियस स्वतः सांगतो, परक्या राजाच्या घरी जेवणानंतर. म्हणजे साक्षीदार एकच, आणि तो माणूस पक्का थापाड्या. खरं-खोटं तुम्ही ठरवा. लाकडी घोड्याचं तर विचारूच नका. तो इलियडमध्ये नाहीच, ओडिसीत येतो, तोही कुणीतरी सांगितलेल्या किंवा गायलेल्या गोष्टीत. सारंगखेड्याच्या बाजारात दर डिसेंबरला याहून जास्त घोडे दिसतात.

मग उरलेल्या पुस्तकात काय आहे? तेराव्या सर्गात माणूस घरी पोचतो! अर्ध्यावर! मला वाटलं, आता पुढचे बारा सर्ग काय करणार? तर पुढचे बारा सर्ग घरी पोचलेला माणूस घरात शिरतो कसा, एवढंच आहे.

हे मला लागलं. का ते सांगतो.

त्याला झोपेत असताना त्याच्या बेटावर, इथाकावर, सोडून जातात. तो जागा होतो आणि त्याला स्वतःचं गाव ओळखू येत नाही. अथेना देवीने धुकं पसरलेलं असतं. तो म्हणतो, आता हा कुठला देश, इथली माणसं कशी असतील. वीस वर्षं ज्याच्यासाठी रडला ते समोर आहे आणि त्याला पत्ता नाही. मी पहाटे शहाद्याला उतरलो तेव्हा धुकं नव्हतं, उन्हाळा होता, आणि रस्ताही माझाच होता. पण मी पुलावर थांबून दहा मिनिटं विचार करत होतो, की घरात शिरताना चेहरा कसा ठेवायचा.

आणि ओडिसियस पहिली गोष्ट काय करतो? खोटं बोलतो. देवीसमोरच. मी क्रीटचा, अमुक माणसाला मारून पळालोय. ती हसते, कारण तिला माहीत असतं. मग डुक्कर राखणाऱ्या म्हाताऱ्या युमेयसला वेगळी गोष्ट. मग मागणीवाल्याला. मग स्वतःच्या बायकोला, ती समोर बसून रडतेय आणि हा भिकाऱ्याच्या वेषात सांगतोय, मी तुझ्या नवऱ्याला पाहिलंय. प्रत्येक थापेत थोडं खरं असतं, हे विशेष. मीही तसंच करत होतो. 'आज मीटिंग आहे' म्हणायचो, ते खरंच असायचं. फक्त ती इंटरव्ह्यूची असायची.

सकाळी नऊ ते सहा मी माळीवर, म्हणजे वरच्या खोलीत, लॅपटॉप उघडून बसायचो. आई जिन्यात चहा ठेवून जायची, आवाज न करता. मुलाचं काम आहे. तिच्या त्या पाय न वाजवण्याचं मला जेवढं वाईट वाटलं तेवढं नोकरी गेल्याचं नाही. अर्ज करून झाले, दोन-चार नकार वाचून झाले, की ओडिसी.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. हा सगळा दुसरा अर्धा भाग म्हणजे लॉगिन आहे हो! आम्ही शिकतो, ओळख पटवायचे तीन रस्ते. तुम्हाला काय माहीत आहे, म्हणजे पासवर्ड. तुमच्याकडे काय आहे, म्हणजे फोन, कार्ड. आणि तुम्ही काय आहात, म्हणजे अंगठा, चेहरा. होमरने तिन्ही वापरलेत असं सुरुवातीला मला वाटलं आणि मी खूष झालो. मांडीवरचा रानडुकराच्या सुळ्याचा व्रण, म्हातारी दाई युरिक्लिया पाय धुताना हाताने ओळखते, हा झाला अंगठा. धनुष्य वाकवणं हे जरा वेगळं, पण कौशल्याने ओळख म्हणू. आणि पलंग हा पासवर्ड.

पलंगाची गोष्ट सांगायलाच हवी. मागणीवाले मेलेत, नवरा अंघोळ करून समोर बसलाय, आणि पेनेलोपी तरी मान्य करत नाही. मुलगा चिडतो, आई, दगडाची आहेस का? ती शांतपणे दाईला सांगते, त्यांचा पलंग बाहेर काढून अंथरून दे. तो भडकतो. पलंग कोण हलवणार? मी तो जमिनीत मुळं असलेल्या ऑलिव्हच्या झाडाच्या बुंध्यावर कोरलाय, खोली आधी त्या झाडाभोवती बांधली! संपलं. हे तिसऱ्या कुणाला माहीत नव्हतं, एका दासीशिवाय. सगळ्यांची परीक्षा घेणाऱ्या माणसाची परीक्षा बायकोने घेतली, तीही त्याला कळू न देता.

आणि एक ओळख अशी आहे जिला काहीच लागत नाही. आर्गोस नावाचा कुत्रा. तो गेला तेव्हा पिल्लू, आता दारातल्या शेणाच्या ढिगावर पडलेला, अंगभर गोचिड. भिकारी येतो, कुत्रा शेपटी हलवतो, कान पाडतो, जवळ यायची ताकद नाही. ओडिसियस तोंड फिरवून डोळे पुसतो, कारण रडला तर वेष उघडा पडेल. कुत्रा तिथेच मरतो. थोडक्याच ओळी आहेत. मी त्या ऐकल्या तेव्हा इअरफोन काढून खाली गेलो आणि आईला उगाच विचारलं, काही आणायचंय का बाजारातून.

सगळंच गोड नाही, तेही सांगतो. मागणीवाल्यांबरोबर झोपल्या म्हणून बारा दासींना एका दोरावर फाशी देतात. आधी त्यांच्याकडूनच रक्त पुसून घेतात, प्रेतं उचलून घेतात. आणि फाशी देतो तो टेलेमाकस, ज्याची चार सर्ग मला दया आली होती. विल्सन त्यांना 'नोकर मुली' वगैरे म्हणत नाही, सरळ गुलाम म्हणते, कारण त्या गुलामच होत्या, त्यांना नाही म्हणायची सोय कुठे होती? हा भाग वाचून मी दोन दिवस पुस्तक उघडलं नाही. जुनं आहे, त्या काळात असंच होतं, असं म्हणून सोडून देता येईल. मला येत नाही.

आता शेवटचा सर्ग, चोविसावा. प्राचीन काळी अलेक्झांड्रियाच्या मोठ्या पंडितांनी म्हणून ठेवलंय, की ओडिसीचा शेवट तेविसाव्यातच होतो, नवरा-बायको भेटतात तिथे. त्यामुळे पुढचं नंतर जोडलेलं आहे असं बरेच जण मानतात. माझा तर सगळा जीव त्या जोडलेल्या भागात अडकला.

ओडिसियसचा बाप, लाएर्टीझ, जिवंत आहे. मुलगा गेल्यापासून तो वाड्यात राहतच नाही, शेतावर असतो. मुलगा भेटायला जातो तेव्हा बाप एकटा बागेत, ठिगळं लावलेले कपडे, काट्यांसाठी हातात मोजे, डोक्यावर बकऱ्याच्या कातड्याची टोपी, एका रोपाभोवतीची माती उकरतोय. मुलगा नासपतीच्या झाडाखाली उभा राहून रडतो. आणि मग ठरवतो, की आधी परीक्षा घेऊ.

कसली परीक्षा? शत्रू सगळे मेलेत. आता वेषाची गरज नाही. तरी तो जातो आणि म्हणतो, बाबा, झाडांची निगा चांगली ठेवतोस, तुझी निगा मात्र कुणी ठेवत नाही. मी परगावचा, पाच वर्षांपूर्वी तुझा मुलगा माझ्याकडे पाहुणा होता. म्हातारा दोन्ही हातांनी माती उचलतो आणि स्वतःच्या पांढऱ्या डोक्यावर ओततो. तेव्हा कुठे ह्याच्याच्याने राहवत नाही.

हा सर्ग मी ऑगस्टमध्ये वाचला. आठवडाभराने आप्पा म्हणाले, ई-पीक पाहणी करायचीय, ये जरा शेतात.

शहरातल्यांसाठी सांगतो. ई-पीक पाहणी म्हणजे शेतात काय पेरलंय त्याची सातबाऱ्यावर नोंद. आधी तलाठी करायचा, २०२१ पासून महाराष्ट्रात शेतकऱ्याने स्वतः ॲपवर करायची. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, लोकेशनसकट. नोंद नसली तर पुढे विमा, अनुदान, सगळ्याला अडचण. पुण्यात असताना हे माझं फोनवर चालायचं. आप्पा शेतातून फोन करायचे, मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून म्हणायचो, आता हिरवं बटण दाबा, आता आलेला नंबर सांगा. माझे आणि आप्पांचे पाच वर्षांतले निम्मे फोन ओटीपीचे असतील.

तर आम्ही पपईत उभे. आप्पा विळ्याने बुंध्याजवळचं गवत काढतायत, मी त्यांचा फोन धरलेला. पपई झाली, कापूस झाला. मग ॲपच्या मेनूत एक बटण दिसलं. 'बांधावरची झाडं नोंदवा.' झाडाचं नाव, संख्या.

माझं डोकं एकदम त्या बागेत गेलं. कारण लाएर्टीझ शेवटी काय म्हणतो? तू माझा मुलगा असशील तर खूण दाखव. ओडिसियस व्रण दाखवतो. आणि मग म्हणतो, लहान असताना मी तुमच्या मागे मागे ह्या बागेत फिरत होतो, एकेका झाडाचं नाव विचारत होतो, तुम्ही सांगत होता, आणि मला झाडं दिली होती. नासपतीची तेरा, सफरचंदाची दहा, अंजिराची चाळीस. आणि द्राक्षाच्या पन्नास ओळी द्यायचं कबूल केलं होतं. म्हाताऱ्याचे गुडघे लटपटतात.

आणि मला आमच्या बांधावर झाडं किती आहेत ते माहीत नव्हतं. पाच एकर. माझा जन्म इथला.

मी विचारलं, 'आप्पा, निंब किती आहेत?' (कडुलिंबाला आमच्याकडे निंब म्हणतात.)

'चार. पहिले सहा होते.'

'दोनचं काय झालं?'

'तुझ्या ॲडमिशनला दिले.'

२०१५. मला एवढंच आठवतं की आप्पांनी कॉलेजच्या खिडकीत पैसे भरले. ते लाकूडवाल्याकडून आले होते हे मला दहा वर्षांनी, एका सरकारी ॲपमुळे कळलं. आप्पांनी ते सांगितलंही असं, की जणू 'काल पाऊस झाला'.

मग मी त्यांना ही गोष्ट सांगितली. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. घरी आमची बोली वेगळी, इथे सगळ्यांना समजेल अशी सांगतोय. वीस वर्षं, लढाई, बायको, पलंग, सगळं पटापट, आणि मग बाप, बाग, माती. आप्पा विळा चालवत ऐकत होते. परीक्षेच्या जागी आले आणि विळा थांबला.

'थांब. सगळे मेले होते ना?'

'हो.'

'मग म्हाताऱ्याला खोटं का बोलला?'

मी म्हटलं, मोठमोठ्या विद्वानांनाही हे कोडं पडलंय. कुणी म्हणतं सवय झाली होती, कुणी म्हणतं बापाला एकदम धक्का बसू नये म्हणून.

आप्पा म्हणाले, 'सवयच. बाहेर राहून लागते.'

एवढंच. आणि परत गवत कापायला लागले. मला घशात काहीतरी आलं. मी पपईकडे बघत म्हणालो, 'आप्पा, माझी नोकरी मार्चमध्येच गेली.'

ते लगेच काही बोलले नाहीत. ओळीचं टोक आलं, तिथे विळा मातीत रोवला आणि म्हणाले, 'माहीत होतं.'

'कसं?'

'पहिले तू तिसऱ्या-चौथ्यांदा फोन उचलायचा. मार्चपासून पहिल्या रिंगला उचलतोस.'

मी पाच वर्षं लोकांची ओळख पटवायची सिस्टिम बांधली. हा नियम आमच्या कुणाच्या डोक्यात आला नसता.

रागावले नाहीत. आईला कधी सांगायचं ते म्हणाले, 'आज सांग. तिचे पाय दुखतात जिन्यात.' मग ॲपची वेळ संपून पुन्हा लॉगिन मागायला लागलं, पुन्हा ओटीपी, पुन्हा पपईपासून सगळं. झाडं आम्ही फिरून मोजली. निंब चार, बोरी तीन, आंबा एक, आणि कोपऱ्यावरची बाभूळ, तिच्यावरून शेजाऱ्याशी जुना वाद आहे, तर ती आप्पा म्हणाले टाकू नको.

तेव्हापासून एक नवीनच प्रकार सुरू झालाय. रात्री जेवण झालं की आप्पा विचारतात, 'पुढे काय झालं त्याचं?' मी ओडिसी त्यांना पहिल्यापासून सांगतोय, आमच्या बोलीत, जमेल तशी. आई भांडी आवरता आवरता ऐकते. पेनेलोपी दिवसा विणते आणि रात्री उसवते, ते तिला फार आवडलं. सायरनमध्ये आप्पांना रस नाही. शेती आली की ते सरसावून बसतात. त्या पन्नास ओळींमधली द्राक्षं एकाच वेळी पिकत नाहीत, वेगवेगळ्या वेळी येतात असं मूळ काव्यातच आहे. ते ऐकून म्हणाले, 'हुशार होता म्हातारा. सगळा माल एकदम आला की भाव पडतो.' हा मुद्दा मी तरी कुठल्या प्रस्तावनेत वाचलेला नाही.

नोकरीचं विचाराल, तर दोन ठिकाणी शेवटच्या फेरीत आहे. मिळाली की जाईन, इथे कायमचा राहणार असं काही ठरवलेलं नाही. नेमाड्यांच्या 'हिंदू'तला खंडेराव बाप शेवटच्या घटका मोजतोय कळल्यावर मोहेंजोदारोहून घराकडे निघतो. माझे आप्पा ठणठणीत आहेत, आणि मी चार महिने त्यांच्या डोक्यावर बसून खोटं बोलत होतो. तेवढा फरक मला पुरे आहे.

परवा चोविसावा सर्ग दुसऱ्यांदा झाला, ह्या वेळी सावकाश. संपल्यावर आप्पा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, झोपले. मग अंधारातून आवाज आला,

'त्याच्या अंजिरांना पाणी कुठून होतं?'

मी फोन काढला, शोधलं. म्हटलं, आप्पा, सातव्या सर्गात एका राजाची बाग आहे, आल्किनूसची, तिथे दोन झरे आहेत, एक बागभर फिरवलाय.

'ते राजाचं झालं. ह्याचं सांग.'

ह्याचं मला अजून सापडलेलं नाही. चाळीस अंजीर आहेत, पाणी तर लागणारच. शोधतोय.

चला, भेटू.